दुसरे भांडे आणि मोहाचा सडवा

घरी बिअर करणाऱ्या जगभरच्या हौशी मंडळींत एक वाद वर्षानुवर्षे चालला. पहिल्या भांड्यातले फसफसणे ओसरले की बिअर तळाच्या गाळावरून काढून दुसऱ्या भांड्यात घ्यावी. मग मेलेल्या यीस्टचा उग्र वास लागत नाही आणि ती नितळ होते, असे जुने जाणते सांगत. जॉन पामर यांच्या ‘हाउ टू ब्रू’ या पुस्तकानेही आधी हेच शिकवले. पुढे लोकांनी दोन्ही रीतींनी बिअर केली आणि चाखून पाहिली. लहान भांड्यात, थोड्या आठवड्यांत यीस्ट काही बिघडत नाही. उलट ओताओतीत हवा मिसळते, जंतू शिरतात. पामर यांनी नेहमीच्या एल बिअरपुरता आपला सल्ला मागे घेतला. फळे घालायची असतील किंवा महिनोन्महिने मुरवायचे असेल, तेव्हाच आता दुसरे भांडे काढतात.

हे सुधारता आले, कारण त्यावर उघड बोलता आले. नंदुरबार जिल्ह्यात मोहाच्या दारूबद्दल तशी सोय नाही.

सातपुड्यात मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. रात्री आणि पहाटे गळालेली मांसल, फिकट पिवळी फुले उजाडताच वेचायची, उन्हात पसरायची. वाळली की ती मनुकांसारखी तांबूस आणि चिवट होतात. त्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते. पाण्यात भिजत घातल्यावर फुलांवरचे यीस्ट कामाला लागते, काही दिवस बुडबुडे येत राहतात आणि ते थांबले की भांडे चुलीवर चढते. कायद्याच्या लेखी हे आंबलेले पाणी म्हणजे ‘सडवा’. धाडीत सापडला की जागीच ओतून नष्ट करायचा.

या सडव्याला दुसरे भांडे लागते का? नितळपणासाठी मुळीच नाही, कारण पुढे वाफच तेवढी वर जाते. पण भिजलेली फुले तळाला बसून विस्तवावर करपतात आणि तो करपट वास धारेत उतरतो. फुले गाळून पाणी वेगळ्या भांड्यात घेतले तर हे टळते. म्हणजे बिअरवाल्यांनी बाजूला ठेवलेले भांडे इथे उपयोगी पडते, तेही निराळ्या कारणाने. स्वच्छतेची सुरुवात मात्र भांड्याच्याही आधी, झाडाखालीच करायला हवी. पालापाचोळा जाळून फुले वेचली की राख-माती सोबत येते आणि वणव्याचा धोका वाढतो. झाडाखाली जाळी बांधली तर दोन्ही टळतात.

लपूनछपून काम करणाऱ्याला हे सांगणार कोण? धाडीच्या भीतीने घाई होते. हातभट्टीत नवसागर पडतो तो याच घाईपोटी, आणि त्याची किंमत पिणाऱ्याचे शरीर मोजते.

मुंबई इलाख्यात १८९२ साली थेट मोहफुलांवरच कायदा आला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो आजही लागू आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय घरी दारू किंवा बिअर करणे गुन्हा आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांचा साठा आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. म्हणजे फूल मोकळे झाले, सडवा मात्र गुन्हाच राहिला. नर्मदेपलीकडे मध्य प्रदेशाने त्याच वर्षी मोहाच्या दारूला वारसा-मद्य म्हणून मान्यता देण्याचे जाहीर केले आणि पुढे अलीराजपूरच्या बचत गटाची ‘मोंड’ परवान्यासह बाजारात आली. नदीच्या एका काठावर जो उद्योग ठरतो, त्याच कामासाठी दुसऱ्या काठावरच्या बाईने धाड सोसायची, हा अन्याय आहे.

अर्थात दारूने याच डोंगरात घरे बुडवली आहेत. तळोदा भागात १९३८ च्या सुमारास गुलाम महाराजांच्या सांगण्यावरून हजारो आदिवासींनी दारू सोडली. तो संकल्प पाळणाऱ्या गावांवर परवाना लादणे चुकीचे ठरेल. निर्णय गावावर सोपवण्यासाठी नवा कायदाही नको. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिलाच आहे. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर इथल्या ग्रामसभांना राज्याने आधी विचारावे. ज्या गावाला नको तिथे बंदी राहू द्यावी. ज्याला हवे तिथे फुले वेचणाऱ्या बायांच्या गटालाच परवाना द्यावा, गाळणी, स्वच्छ भांडी आणि प्रत्येक खेपेची प्रयोगशाळेत तपासणी या अटींसह. ठेकेदाराला त्यात शिरकाव नसावा.