पांढरी साडी, निळा काठ

लग्नसराई जवळ आली की वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत घरोघरी त्याच चार गोष्टी बोलल्या जातात. मंडप कोणाचा, साडी कोणती, जेवणात काय आणि पैसा कुठून आणायचा? पहिल्या तीन गोष्टी चारचौघांत ठरतात. चौथी मात्र रात्री दिवा मालवल्यावर मुलीचे आईबाप एकमेकांशी हळू आवाजात बोलतात. म्हणून भगिनींनो, या वेळी सजावटीबद्दल लिहायचे ठरवले. सजावट शोभिवंत असावी, आपली असावी आणि तिच्यासाठी सोयाबीनचा किंवा कपाशीचा पैसा घरात येण्याआधीच संपू नये, एवढाच हेतू.

आधी पांढऱ्या साडीचे बोलू, कारण घराघरांत वाद तिच्यावरूनच होतो. मुलीला टीव्हीत पाहिलेला लाल किंवा मरून शालू हवा असतो. वडील म्हणतात, आपल्यात पांढरे वस्त्र. आणि कोपऱ्यात बसलेली आजी पुटपुटते, "पांढरं कसं नेसवता लेकराला? पांढरं तर रांडवपणाचं."

आजीला हसू नये. तिने आयुष्यभर जे पाहिले तेच ती बोलते. तिला शांतपणे तीन गोष्टी सांगाव्यात.

पहिली गोष्ट. धम्मात पांढरे वस्त्र हे गृहस्थाचे वस्त्र आहे. भिक्खूंचे चीवर काषाय रंगाचे आणि घरसंसार करणाऱ्या उपासक-उपासिकांचे वस्त्र पांढरे, हा फरक पाली ग्रंथांपासून चालत आला आहे. श्रीलंकेत आणि थायलंडमध्ये आजही उपोसथाच्या दिवशी बाया-माणसे पांढऱ्या कपड्यांत विहारात जातात. म्हणजे पांढरा रंग संसाराला लागणाऱ्यांचाच आहे.

दुसरी गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा त्यांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. शेजारी उभ्या असलेल्या माईसाहेबांची साडीही पांढरीच होती. पती शेजारी उभा असताना नेसलेल्या त्या साडीला अशुभ कोण म्हणेल? पुढे ४ डिसेंबर १९५६ ला, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोनच दिवस आधी, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहाचा विधी सांगितला. होम नाही, सप्तपदी नाही. वधूवरांच्या मध्ये पाण्याने काठोकाठ भरलेले नवे मातीचे मडके, त्यात सोडलेला सुती धागा, त्या धाग्याचे एक टोक वधूच्या आणि एक वराच्या हातात, मंगल सुत्ताचे पठण आणि दोघांचेही वस्त्र पांढरे. वरवधूंमध्ये कपड्याचा भेद नाही हे ध्यानात घ्यावे.

तिसरी गोष्ट आपल्या हाताची. विदर्भात आपल्या समाजातली कित्येक कुटुंबे पूर्वी हातमागावर जाडेभरडे सुती कापड विणत. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. मिलच्या कापडापुढे घरचे माग हळूहळू थंडावले आणि पुष्कळ माणसे मजुरीला गिरणीत गेली. तेव्हा पांढरे कापड आपण कुणाकडून उसने आणलेले नाही. ते आपल्या आज्यापणज्यांनी विणलेले आहे.

कपड्याचा प्रश्न आपल्यासाठी कधीच नुसता हौसेचा नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे नेसा आणि जात ओळखू येईल असे गळ्यातले-हातातले जड दागिने टाकून द्या. बायांनी ते लगेच ऐकले आणि लुगड्याची तऱ्हा बदलली. ज्या बाईला काय नेसावे हे दुसऱ्याने ठरवून दिले होते, तिने ते स्वतः ठरवले. आज आपली मुलगी काय नेसते याला म्हणून अर्थ आहे. पण तो अर्थ तिला समजावून द्यावा, तिच्यावर लादू नये.

आता साडी कशी घ्यावी? निव्वळ पांढरीच हवी असे नाही. पांढऱ्या अंगाला निळा काठ उठून दिसतो. निळा रंग आपल्या झेंड्याचा, म्हणून तो काठावर असला की पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. विदर्भातली टसरची करवतकाठी साडीही पाहावी. टसरचा मूळचा रंग मधाच्या छटेचा फिका असतो आणि काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. अशी साडी पुढे बारशाला, वर्षावासाच्या कार्यक्रमाला, भीमजयंतीला नेसता येते. जड जरीचा भाड्याचा घागरा रात्री परत जातो आणि भाडे मात्र खिशातून जाते.

मंडपाकडे वळू. यासाठी वाशिमकरांना दूर जायला नको. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजेच आजचे वाशिम. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच शाखेचा राजा हरिषेण राज्य करीत होता. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्खू संघाला दान दिले. जगभरची माणसे जी चित्रे पाहायला अजिंठ्याला येतात, त्यांतली पुष्कळशी आपल्या वाशिमच्या राजवटीच्या काळातली आहेत. मग आपल्या मंडपात सिनेमातला राजवाडा कशाला?

अजिंठ्याची माणसे रंग कुठून आणत? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढरी माती आणि दिव्याची काजळी. बहुतेक रंग जवळपासच्या मातीदगडातले. निळा तेवढा लाजवर्द दगडाचा, तो अफगाणिस्तानाकडून यायचा. महाग होता, म्हणून जपून वापरला आणि म्हणूनच तो चित्रात उठून दिसतो. आपल्या मंडपालाही हाच नियम लावावा. सगळ्यात जास्त पांढरा, त्याहून कमी निळा आणि बाकीचे रंग फुलांत व पताकांत थोडे थोडे. पाचही रंग सारखेच भरले की डोळा कुठे थांबावा ते कळत नाही.

उन्हाळ्यातल्या दुपारच्या लग्नाला आणखी एक काळजी घ्यावी. वधूवर पांढऱ्या कपड्यांत आणि मागचा पडदाही पांढराशुभ्र, असे झाले की फोटोत चेहरे काळपट येतात. म्हणून वर छताला पांढरे कापड ठेवावे, त्याने ऊनही कमी जाणवते. मागच्या पडद्याला मात्र फिका पिवळा रंग द्यावा आणि त्यावर निळी पट्टी घ्यावी. २ क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर मोठे वर्तुळाकार कमळ आहे आणि त्याभोवती हंसांची रांग आहे. गावातली चित्रकलेची आवड असलेली मुले ते पुस्तकातून पाहून कापडावर किंवा रांगोळीत सहज काढतील. त्यांचे नाव माइकवरून घ्यावे. त्या मुलांना तेवढेच बक्षीस पुरते.

पंचशील ध्वजाचे रंग लावताना क्रम चुकवू नये : निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी. हा ध्वज १८८५ साली वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत प्रथम फडकला आणि आज साऱ्या बौद्ध जगाचा आहे. त्याचे कापड टेबलावर अंथरायला किंवा पायऱ्यांवर लावायला घेऊ नये. धम्मचक्र रंगवून घेणार असाल तर आरे मोजून घ्यावेत. अष्टांगिक मार्गाचे चक्र आठ आऱ्यांचे आणि राष्ट्रध्वजावरचे अशोकचक्र २४ आऱ्यांचे. डेकोरेशनवाला घाईत अठरा-वीस आरे काढून मोकळा होतो.

व्यासपीठावर तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा वधूवरांच्या खुर्च्यांपेक्षा उंच ठेवाव्यात. मडके गावच्या कुंभाराकडून नवेच आणावे. प्लास्टिकच्या फुलांऐवजी मोगरा, शेवंती, झेंडू यांतले ऋतूप्रमाणे जे मिळेल ते घ्यावे. निळ्या फुलाची हौस असेल तर कुंपणावरची गोकर्ण आहे. मडक्याभोवती पिंपळाची पाने मांडली तर वेगळी सजावट लागत नाही. मेणबत्तीला काचेची चिमणी लावावी, म्हणजे वाऱ्याने विझणार नाही. थर्माकोलच्या कमानी आणि ताटे यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा पळसाच्या पानांच्या पत्रावळी पुन्हा काढाव्यात. अक्षता म्हणून तांदूळ उधळण्याऐवजी फुलांच्या पाकळ्या उधळाव्यात. ज्या समाजाने उपास सोसले त्याने अन्न पायाखाली घालू नये.

आता हळदीचे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची हळद देशभर जाते, आपल्या घरातही ती हवीच. अंगाला लावायला, रंग उजळायला हळद लावली म्हणून धम्म बुडत नाही, असे एक मत आहे. हा जुनाच विधी मागच्या दाराने आत येतो, असे दुसरे मत आहे. वाद चालू द्या. मी एकच विचारते : त्या हळदीला मुलीच्या विधवा आईचा हात चालतो का? चालत नसेल, तिला मागच्या खोलीत बसवत असाल, तर ती हळद आपली नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. आपण तर त्याच्या ६६ वर्षे आधी दीक्षा घेतलेली माणसे.

आजीच्या पुटपुटण्याचे मूळही इथेच आहे. पांढऱ्या रंगाची भीती म्हणजे विधवेची भीती. नवरी पांढरी साडी नेसून मंडपात उभी राहते आणि तिच्या शेजारी तिची विधवा आई तशीच साडी नेसून उभी राहते, तेव्हा ती भीती एका दिवसात ओसरते. नवऱ्यामागे एकटीने सोयाबीन काढून, दुसऱ्याच्या शेतात निंदण करून जिने लेकीला शिकवले, तिच्याहून मंगल त्या मांडवात कोण असणार?

शेवटी खर्च. आपल्याला मुहूर्त लागत नाही, ही मोठी सवलत आहे आणि आपण ती वापरत नाही. मुहूर्ताच्या दिवशी कार्यालय, बँड, फुले सगळे महाग. बिनमुहूर्ताचा दिवस धरला तर घासाघीस करता येते. २५ डिसेंबर १८७३ ला पहिला सत्यशोधक विवाह झाला, तो पुरोहितावाचून आणि अगदी थोड्या खर्चात. तरी दीडशे वर्षे लोक त्याची आठवण काढतात. डीजेचे पैसे वाचवून चांगला माइक घ्यावा, म्हणजे वधूवर प्रतिज्ञा घेतात तेव्हा शेवटच्या रांगेतल्या आत्याबाईलाही त्या ऐकू येतील. त्या प्रतिज्ञा मोठ्या अक्षरांत पांढऱ्या कापडावर लिहून मंडपात लावाव्यात. लग्नानंतर तेच कापड घरात लावता येईल आणि कधी भांडण झालेच तर दोघांना वाचायला उपयोगी पडेल.

लग्न लागले की आठवडाभरात ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद करून घ्यावी. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण असल्याचे कागद आधीच काढून ठेवावेत. वाचलेल्या पैशातून मुलीच्या नावावर काही ठेवता आले तर ठेवावे. मंडप संध्याकाळी सुटतो, ती ठेव तिच्या गरजेला उरते.

जय भीम.