अस्खलित की आकलनीय?

राष्ट्रीयीकृत बँकेतील अधिकाऱ्याची बदली देशात कोठेही होऊ शकते. नागपूरचा अधिकारी मदुराईस रुजू होतो, पाटण्याचा सांगलीस. साहजिकच काउंटरवर पुष्कळदा दोन्ही पक्ष आपापल्या मातृभाषेबाहेर उभे असतात. अशा वेळी अस्खलित बोलणाऱ्याचे कौतुक होते. ते कित्येकदा अस्थानी असते.

हिंदीचेच पाहावे. लिपी तीच, शब्द ओळखीचे, म्हणून मराठी भाषक ती बेधडक बोलतो आणि नेमका तेथेच फसतो. 'शिक्षा ऋण' म्हणजे शैक्षणिक कर्ज, परंतु मराठी कानाला त्यात दंडाचा भास होतो. हिंदीत 'राजीनामा' म्हणजे समझोताही असू शकतो. आकड्यांचा धोका त्याहून मोठा. 'उन्यासी' म्हणजे ७९ आणि 'नवासी' म्हणजे ८९. रक्कम हजारांत असेल तर एवढ्याशा उच्चारभेदात दहा हजारांची तफावत पडते. 'सात, नऊ' असे सुटे अंक सांगणारा अडखळला तरी त्याचा व्यवहार चोख होतो.

खरी कसोटी जामीनदाराच्या स्वाक्षरीची. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात अन्यथा नमूद नसेल तर जामीनदाराचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. हे इंग्रजीत वा सफाईदार हिंदीत दहा मिनिटे समजावले, समोरच्याने मान डोलावली आणि सही झाली, तर आकलन झाले असे मानता येत नाही. मान बहुधा संकोचाने डोलावलेली असते. 'त्याने फेडले नाही, तर तुम्हाला फेडावे लागेल' हे वाक्य ग्राहकाच्या भाषेत मोडकेतोडके उच्चारले तरी पुरते. मात्र ग्राहकाकडून त्याचा अर्थ त्याच्याच शब्दांत वदवून घ्यावयास हवा.

प्रबोध, प्रवीण, प्राज्ञ या हिंदीच्या परीक्षांचे महत्त्व आहेच. तथापि, शाखेच्या परिसरातील भाषेची चाळीस वाक्ये पहिल्याच महिन्यात तेथील लिपिकाकडून वा दप्तरीकडून घोटून घेणे अधिक उपयुक्त. व्याज, हप्ता, मुदत, थकबाकी, वारसदार एवढा शब्दसंग्रह आला, की निम्मे काम झाले. व्याकरणाच्या चुकीला ग्राहक हसेल, हसू द्यावे.

या बाबतीत ग्राहकांचाही थोडा दोष आहे. परप्रांतीय अधिकारी दिसताच मराठी ग्राहक सौजन्यापोटी हिंदीकडे वळतो, आणि तो बिचारा सांगलीत तीन वर्षे काढूनही 'ब्याज' म्हणतच परततो.