जुनी गाडी घेताना : टायर आधी, रंग मागाहून



मेहकर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांच्या सासऱ्यांवर नागपूरला उपचार चालू आहेत आणि दर तीन आठवड्यांनी त्यांना तेथे न्यावे लागते. आजवर दर खेपेला भाड्याची गाडी केली. यंदा सोयाबीनचे पैसे हाती येताच घरात विचार निघाला, की भाड्यापायी पैसा घालवण्यापेक्षा एखादी जुनी गाडीच घ्यावी. दोन गाड्या पाहून झाल्या. एक २०१२ ची, सात माणसांची, डिझेलवर चालणारी, दारात उभी राहिली की अंगण भरून टाकणारी. दुसरी २०२० ची, पेट्रोलवरची, पाच माणसांची, मागे डिकी असलेली. दोघींची किंमत जवळपास सारखीच. यजमान आणि दीर मोठ्या गाडीच्या बाजूचे. ताई लिहितात, "मला लहान गाडी बरी वाटते, पण का बरी वाटते ते मला सांगता येत नाही. बाईमाणसाला गाडीतले काय कळते, असे म्हणून सगळे हसतात."

ताई, हसू द्या त्यांना. तुमचे म्हणणे कसे मांडायचे ते आज पाहू. समृद्धी महामार्गाच्या आसपास राहणाऱ्या पुष्कळ घरांपुढे हाच प्रश्न असल्याने इतर वाचकांनाही त्याचा उपयोग होईल.

रस्ता बदलला, पारख बदलली

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता पुरा झाला. या रस्त्यावर मोटारसायकलला, रिक्षाला, ट्रॅक्टरला मज्जाव आहे. सपाटीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. मेहकरहून नागपूर म्हणजे एका बाजूने अडीचशे किलोमीटरच्या वर. गाडी तीन-तीन तास सलग शंभराच्या आसपास धावणार.

गावच्या रस्त्याला चालीस-पन्नासच्या वेगात जी गाडी निमूट चालते, तिची खोड या रस्त्यावर उघडी पडते. एक हिशेब ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी धावते ते अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर पन्नासच्या वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरमध्ये थांबते, तर शंभराच्या वेगातली गाडी सुमारे ५६ मीटर घेते. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, आणि तेवढ्यात शंभराच्या वेगातली गाडी आणखी २८ मीटर पुढे गेलेली असते.

म्हणून या रस्त्यासाठी गाडी घेताना पहिला प्रश्न "पळते किती?" हा नाही, "थांबते कशी?" हा आहे. दुसरा प्रश्न, नाहीच थांबली तर आतली माणसे वाचतात का? रंग, गाणी वाजवणारे यंत्र, सीटची कव्हरे यांची पाळी त्यानंतर.

टायर वाचायला शिका

बैल घेताना आपण जबडा उघडून दात पाहतो, दोनदाती की जुळलेला ते ठरवतो, आणि मग किमतीचे बोलतो. टायरलाही असेच वय असते आणि ते त्याच्यावरच छापलेले असते. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे दिसतील. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ असे असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. चारही टायरचे आकडे कागदावर उतरून घ्या आणि स्टेपनीचाही विसरू नका. आकडे आतल्या बाजूला असतील तर वाकून पाहायला लाजू नका.

टायरला सहा वर्षे उलटून गेली असतील, बाजूला बारीक तडे असतील किंवा फुगवटा असेल, तर नक्षी कितीही चांगली दिसो, तो टायर द्रुतगती रस्त्याचा नव्हे. नक्षीच्या खाचा १.६ मिलिमीटरपर्यंत झिजल्या की टायर कायद्यानेही बाद होतो. खाचेच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की समजावे, संपला. विकणारा टायरला काळे पॉलिश लावून ठेवतो. ती चकाकी म्हणजे शिंगांना लावलेले तेल. एकच कड जास्त झिजली असेल तर चाकांची रेषा किंवा खालचे सांधे बिघडले आहेत असे धरावे. रिमोल्ड केलेले टायर ट्रॉलीला चालतात, पण घरची माणसे घेऊन शंभराने जायच्या गाडीला चालत नाहीत.

एक गैरसमज येथेच काढून टाकू. "उन्हाळ्यात आणि सिमेंटच्या रस्त्यावर हवा कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही," असे अनेक जण सांगतात. खरे नेमके उलटे आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते. त्या घुसळण्याने तो आतून तापतो, आणि तापलेला, जुना, भाराखालचा टायर फुटतो. हवा किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेले असते. तेवढीच भरावी, आणि ती पहाटे, गाडी थंड असताना मोजावी.

२०१९ ची रेघ

आता ताईंच्या दोन गाड्यांकडे येऊ. आपल्या देशात २०१९ हे वर्ष मोटारींच्या बाबतीत शेताच्या बांधासारखे आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. जोराने ब्रेक दाबला तरी या सोयीमुळे चाके जागच्या जागी आवळली जात नाहीत, आणि गाडी घसरत न जाता स्टिअरिंगचे ऐकते. त्याच वर्षी जुलैपासून चालकापुढची एअरबॅग, पट्टा लावला नाही तर वाजणारी घंटी आणि ८० च्या वर वेग गेला की सावध करणारी घंटी सक्तीची झाली. चालकाशेजारच्या माणसासाठी एअरबॅग सक्तीची व्हायला २०२१ चे वर्षअखेर उजाडले. २०१२ साली या सोयी बहुधा महागड्या प्रकारांतच असत आणि स्वस्त प्रकारांतून गाळल्या जात.

म्हणजे ताईंच्या २०२० च्या गाडीत एबीएस आणि निदान एक एअरबॅग असणारच. दुसरी आहे का, ते विचारून घ्यावे, कारण सासरे पुढे बसणार असतील तर ती त्यांच्यासाठी आहे. एक सोपी परीक्षा करा. किल्ली फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा लागला पाहिजे आणि काही क्षणांनी आपोआप विझला पाहिजे. लागून राहिला तर बिघाड आहे. मुळीच लागला नाही, तर कोणीतरी बिघाड झाकण्यासाठी दिवाच तोडला असण्याचा संशय घ्यावा.

टकरीच्या चाचणीत गाडीला तारे देतात हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. भारतात तयार झालेल्या गाड्यांत पहिले पाच तारे २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनला मिळाले. जानेवारी २०२० मध्ये टियागो आणि टिगोर या लहान गाड्यांना चार मिळाले. म्हणजे मजबुती ही आकारावर जात नाही. पण ही समोरची टक्कर ताशी ६४ किलोमीटरला घेतात. १२० च्या वेगाला कोणताही तारा पुरत नाही.

आणि पट्टा नसेल तर महागडी गाडीही पुरत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात अहमदाबाद-मुंबई महामार्गावरच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते, आणि मागे बसलेल्या दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते असे पोलीस तपासात पुढे आले. तेव्हा गाडी पाहताना मागचे पट्टे सीटखालून बाहेर काढा, पूर्ण ओढा, अडकवून पाहा. सात माणसांच्या जुन्या गाडीत सात पट्टे चालू स्थितीत नसतील, तर ती या रस्त्यावर सात माणसांची गाडीच नव्हे.

पट्टा पूर्ण ओढण्याचा आणखी एक फायदा आहे. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकायला आणली असेल, तर पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ सापडते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज दिसतो आणि गालिचा उचलला की कुबट वास येतो. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर आपण विसरलेलो नाही. बुडालेल्या गाडीतल्या वायरी कधी दगा देतील ते सांगता येत नाही.

डिझेल की पेट्रोल?

ताईंच्या घरची धाव महिन्याला हजार किलोमीटरच्या आसपास भरेल. समजा पेट्रोलची गाडी लिटरला १६ किलोमीटर देते आणि डिझेलची २०. महिन्याला पेट्रोल साडेबासष्ट लिटर आणि डिझेल पन्नास लिटर लागेल. ही बचत खोटी नाही. पण तेरा-चौदा वर्षांच्या डिझेल गाडीचा पंप, इंजेक्टर किंवा टर्बो एकदा बसला, की दोन-तीन वर्षांची बचत एका फेरीत जाते. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. २०१२ च्या गाडीची २०२७ मध्ये संपणार. मग फेरतपासणी, फी आणि पर्यावरण कर आलाच. रोज शंभर-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्याने डिझेलचा विचार जरूर करावा. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीत मात्र काजळी अडवणारी जाळी असते. ती लांबच्या सलग धावेत जळून साफ होते, आणि नुसत्या शेत-ते-घर फेऱ्यांनी तुंबते.

घेण्याआधी जुंपून पाहा

गाडी पाहायला सकाळी, न सांगता जा. इंजिन थंड हवे. आधीच तापवून ठेवले असेल तर काहीतरी लपवायचे आहे. चालू केल्यावर निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. दाट पांढरा धूर तापल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसला तर नमस्कार करून परत या.

मग बरोबर आपला मेकॅनिक घ्या, विकणाऱ्याचा नको, आणि निदान तीस किलोमीटर चालवून पाहा. ऐंशीच्या वेगात स्टिअरिंग थरथरते का? ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढते का? अर्ध्या तासाने उष्णतेचा काटा वर चढतो का? मीटरवरच्या किलोमीटरवर विसंबू नका. चाळीस हजार दाखवते आणि पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, हे जुळत नाही. गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मागा.

आणि ताई, सासऱ्यांना बरोबर न्या. त्यांना स्वतः चढू-उतरू द्या. उंच पायरीच्या गाडीत चढताना त्यांना दोघांचा आधार लागत असेल, किंवा फार बसक्या गाडीतून उठता येत नसेल, तर बाकी सारे गुण फुकट. चाकाची खुर्ची लागत असेल तर ती डिकीत ठेवून पाहा. सी.एन.जी.ची टाकी डिकी खाते, हे विसरू नका.

कागद पुरे, मगच पैसे पुरे

नोंदणीपुस्तकावरचे नाव, चासीचा नंबर आणि इंजिनचा नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. बँकेचा बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हवा. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. थकलेले ई-चलन किती आहे ते परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर नंबर घालून पाहता येते. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्या. स्टँपपेपरवर लिहून "नाव नंतर करू" म्हणणाऱ्याला सातबाऱ्याची आठवण करून द्या. नावावर नाही ते आपले नाही.

आमचा कौल

या साऱ्या कसोट्यांना उतरली, तर ताईंनी २०२० ची लहान गाडी घ्यावी. मात्र ठरवलेले सगळे पैसे गाडीतच घालू नयेत. दहा रुपयांतला एक रुपया बाजूला ठेवावा आणि पहिल्या नागपूर फेरीच्या आधी त्यातून टायर, ब्रेक, ऑइल आणि बॅटरीचे काम करून घ्यावे. यजमानांना सांगा, सात जण वर्षातून दोनदा लग्नाला जातील, तेव्हा दुसरी गाडी भाड्याने आणू. पण तीन आठवड्यांनी एकदा जे चौघे त्या रस्त्यावर असतात, त्यांच्यासाठी ही गाडी आहे.

शेवटी एक विनंती. उपचाराच्या दिवशी चालवणाराही दिवसभर दवाखान्याच्या बाकावर बसून थकलेला असतो. त्याच रात्री परत निघू नका. मुक्काम करा आणि सकाळी निघा. दर दोन तासांनी थांबा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही झापड येते. काही घडलेच तर गाडी कडेला घेऊन सर्वांना कठड्यापलीकडे उभे करा आणि १०८ किंवा ११२ ला फोन लावा.

ताई, सासऱ्यांना आमचा नमस्कार सांगा. गाडी कोणती घेतली, ते अवश्य कळवा. आणि हो, टायरवरचे चार आकडे पत्रात लिहायला विसरू नका!