ओरिजिनलचा हट्ट कुठवर?

भंडाऱ्यात माझं लेथचं दुकान आहे. जुन्या फियाटवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘ओरिजिनल मिळेल का?’ आता कुठून मिळणार? प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात बनणारी पद्मिनी, म्हणजे आपली फियाटच, बंद होऊन वीस-पंचवीस वर्षं उलटली. एका गिऱ्हाइकाने मुंबईहून मागवलेला ‘ओरिजिनल’ बुश मी मायक्रोमीटर लावून पाहिला. डबा तेवढा खरा होता.

बॉनेटवरचा बिल्ला, मीटर, दरवाज्याचं हँडल, दिव्याची काच हे जुनंच शोधावं. त्यासाठी खुशाल थांबावं. पण झिजण्यासाठीच असलेल्या वस्तूंचा कसला हट्ट? पद्मिनीचा गिअर स्टेअरिंगखाली. त्याच्या जोडणीतले बुश झिजून अंडाकार झाले की दुसरा गिअर टाकायला जावं तर तिसराच पडतो. पितळेसाठी नावाजलेल्या या गावात गनमेटलचा बुश, आत तेलाची खाच देऊन, दुपारपर्यंत तयार होतो. जुना बुश मात्र फेकू नका, मापाच्या खुणा त्याच्यावरच असतात.

केंद्राच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. चेसिस, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नकोत, ही अट रास्तच आहे. बुशाला ती आडवी येत नाही. पण नियमाप्रमाणे अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हे मला पटत नाही. उभ्या गाडीचं ऑइल सील वाळतं, ब्रेकचे रबर चिकटतात. रविवारी तुमसरपर्यंत तरी जाऊ द्या की!