दुर्बिणीने पाहिले, तरी नमुना हवाच



या सदरात आपण माती, बियाणे, खते यांवर बोलतो. आजचा विषय मुलांच्या पोटाचा आहे. मी डॉक्टर नव्हे. पण मातीच्या नमुन्यावरून ही गोष्ट चांगली समजते.

माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची सात वर्षांची मुलगी. वाढ खुंटलेली, पोट फुगलेले, अधूनमधून जुलाब, अंगात रक्त कमी. जंताचे औषध झाले, वर्षभर लोहाचे औषध झाले, गुण येईना. रक्ततपासणीत गहू बाधत असल्याची शंका आली, म्हणून तिला शहरात पाठवले. तेथील डॉक्टर म्हणाले, ‘भूल देऊन तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालू. आतडे चांगले दिसले तरी पाच-सहा बारीक तुकडे तपासणीला घेऊ.’ हे ऐकून मंडळी पोरीला घेऊन तडक घरी आली. आजीचे म्हणणे, तुकडा काढतात तो कॅन्सरचाच. बाप मला विचारू लागला, ‘साहेब, चांगले दिसले तर कापायचे कशाला?’

मी त्याला त्याच्याच रानाची आठवण करून दिली. काळीभोर जमीन, पण अहवालात जस्ताची कमतरता निघाली होती. डोळ्यांना ती कुठे दिसली होती?

लहान आतड्याच्या अस्तरावर केशमुळांसारखे बारीक अंकुर असतात. अन्नातले सत्त्व तेच शोषून घेतात. सीलिॲक नावाच्या विकारात गहू व सातू यांतील ग्लुटेन या चिकट प्रथिनामुळे हे अंकुर झडतात. केशमुळे मेलेल्या पिकाला कितीही खत घाला, ते पिवळेच राहते. पोरीच्या लोहाच्या औषधाचे तेच होत होते. हे झडणे दुर्बिणीतून दिसेलच असे नाही, सूक्ष्मदर्शकाखाली कळते. शिवाय एके ठिकाणी अस्तर बिघडलेले, तर बोटभर अंतरावर धड, असेही असते. आपण नाही का नागमोडी फिरून आठ-दहा जागांची माती घेत? अन्ननलिकेची ॲलर्जीची सूजही कधी कधी अशीच लपून राहते. म्हणून मुलाला एकदा भूल देऊन दुर्बीण घातलीच आहे, तर वरून सारे ठीक दिसले तरी नमुने घ्यावेत, असे बालपोटविकारतज्ज्ञ सहसा सांगतात. नाही तर पुन्हा भूल, पुन्हा खर्च.

आता भीतीचे. तुकडा दोन-तीन मिलिमीटरचा, तांदळाच्या कणीएवढा. तो काढताना दुखत नाही, जागा थोड्या दिवसांत भरते. रक्तस्राव किंवा आतड्याला इजा क्वचित होते. मात्र घरात कोणाचे रक्त लवकर थांबत नसेल तर ते आधी सांगा. मुलांमध्ये असा तुकडा घेतात तो बहुधा सूज, जंतुसंसर्ग, क्षय किंवा गव्हाचा हा विकार शोधण्यासाठी.

याचा अर्थ पोट दुखले की दुर्बीण, असा करू नका. आधी रक्ततपासणी. त्यातील प्रमाण फारच वाढलेले, म्हणजे मर्यादेच्या दहापट असेल आणि दुसऱ्या नमुन्यातही खूण पटली, तर तुकड्याशिवाय निदान करता येते, असे युरोपातील तज्ज्ञांनी २०२० साली ठरवले आहे. या मुलीचे प्रमाण तेवढे नव्हते.

एक चूक मात्र पुष्कळ घरांतून होते. कोणीतरी सांगते आणि तपासणीआधीच पोळी बंद केली जाते. मग अंकुर भरू लागतात, रक्तातील खूणही उतरते आणि निदान हुकते. तपासणी पुरी होईपर्यंत रोजचे जेवण चालू ठेवा.

मंडळी अखेर परत गेली. दुर्बिणीतून आतडे ठीकच दिसले; अहवालात अंकुर सपाट झालेले निघाले. आता गहू, रवा, मैदा, शेवया, बिस्किटे तिला जन्मभर वर्ज्य. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा डॉ. डिके यांच्याकडची अशी मुले सुधारली होती. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका घरातच आहेत. पोरीचे वजन वाढू लागले आहे. तिची आई ज्वारीचे दळण आता घरच्या जात्यावर काढते, कारण गिरणीत आधीच्या गव्हाचे पीठ त्यात मिसळते.