गरीब गाय म्हणून कौतुक करताना

मैत्रिणींनो, संध्याकाळी शिळ्या पोळ्यांचा कुस्करा परतताना माझे कान हॉलमधल्या टीव्हीकडे असतात. आमच्याकडे त्या वेळी डोरेमॉन चालू असतं, तुमच्याकडेही असणार. आयांची त्यावरची तक्रार ठरलेली आहे: नोबिता आळशी, अभ्यास करत नाही, परीक्षेत शून्य आणतो, आपली मुलंही तसंच शिकतील. मला त्या शून्याचं एवढं वाटत नाही. माझं लक्ष जातं ते त्याच्या मित्रांकडे.

बघा ना. जियान त्याची कॉमिक्स उचलून नेतो आणि परत देत नाही. बेसबॉलची मॅच हरली की खापर नोबितावर, आणि वर मार. सुनियो नवं खेळणं दाखवायला सगळ्यांना घरी बोलावतो, पण खेळायची वेळ आली की हे फक्त तिघांसाठीच आहे, तू बाहेर. जियान गायला लागला की कान फुटायची वेळ येते, तरी टाळ्या वाजवायला नोबिता हजर. आणि दुसऱ्या दिवशी हाच मुलगा पुन्हा त्याच मैदानावर त्याच दोघांना शोधत जातो. आपली मुलं खदाखदा हसतात. हसू येण्यासारखं असतंच ते, मीही हसते.

जपानमध्ये फुजिको एफ. फुजिओ यांनी १९६९ च्या अखेरीस हे कॉमिक सुरू केलं. तेव्हापासून गोष्टीचा साचा फारसा बदललेला नाही. नोबिता रडत घरी येतो, डोरेमॉन पोटाच्या खिशातून काहीतरी यंत्र काढतो, नोबिता त्याने थोडा सूड उगवतो, मग यंत्र अंगाशी येतं. उसनं बळ संपलं की पुन्हा पहिले पाढे. आपल्या मुलांच्या खिशात मात्र असलं यंत्र नाही. त्यांनी काय करायचं?

हे सगळं डोक्यात घोळायला कारण माझा भाचा. धाकट्या बहिणीचा मुलगा, साताऱ्याला असतो, सहावीत आहे. दिवाळीत सांगलीहून मी भडंगाचं मोठं पाकीट घेऊन गेले होते. पोरगा ते घेऊन खाली खेळायला गेला आणि दहा मिनिटांत रिकामं पाकीट घेऊन वर आला. "तू खाल्लंस का रे?" तर म्हणे, "मला नको होतं, मावशी." भडंग त्याला किती आवडतं ते मला माहीत आहे. मग हळूहळू एकेक कळत गेलं. मित्रांची दप्तरं हा उचलतो. याची नवी सायकल दुसराच फिरवतो आणि हा मागून पळतो. क्रिकेटमध्ये याला बॅटिंग कधी मिळत नाही, गटारात गेलेला बॉल काढायचं काम मात्र याचं. मुलांनी त्याला एक नावही ठेवलंय. ते मी इथे लिहिणार नाही, त्याला पुरेसं ऐकावं लागतं.

बहिणीच्या सासूबाई फार मायाळू बाई. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "आमचा बाळ म्हणजे गरीब गाय हो. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. शेजारची पोरं बघा कशी!" आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तो खाली मान घालून हसला. ते हसू मला आवडलं नाही.

कारण असं हसू मी बायकांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. तुम्हीही पाहिलंय. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर उरलं तेवढं खाणारी, चेष्टेच्या नावाखाली माहेराचा उद्धार ऐकून घेणारी, आणि वर "आमची सून अगदी सोशिक" हे प्रमाणपत्र मिळालेली. त्या कौतुकात गोम असते. एकदा का तुम्हाला सोशिक म्हटलं की पुढचं सोसणं तुमच्या कर्तव्यात जमा होतं. मग तोंड उघडलंत की तुम्ही बदललात! लहान मुलाला आपण तेच प्रमाणपत्र आठव्या-दहाव्या वर्षी देतो.

परदेशातलंही एक उदाहरण आहे. चार्ल्स शुल्झ यांचं 'पीनट्स' हे चित्रमालिकांमधलं फार गाजलेलं नाव. २ ऑक्टोबर १९५० ला त्याची पहिली पट्टी छापली गेली. त्यात दोन मुलं बसलेली असतात, समोरून चार्ली ब्राऊन येतो. तो जवळ येईपर्यंत त्यातला मुलगा त्याचं नाव प्रेमाने घेतो, आणि तो पुढे गेला रे गेला की त्याचा किती तिटकारा आहे ते सांगतो. म्हणजे सुरुवातच तिथून! पुढे ल्युसी नावाची मुलगी त्याच्यासाठी फुटबॉल धरते, तो धावत येतो, ती ऐनवेळी चेंडू काढून घेते आणि तो पाठीवर आपटतो. दर वेळी ती पटवते, दर वेळी हा विश्वास ठेवतो. १३ फेब्रुवारी २००० ला शेवटची रविवारची पट्टी आली, तोवर त्याची लाथ त्या चेंडूला काही लागली नाही. जवळजवळ पन्नास वर्षं! लोक म्हणतात, काय त्याची आशा! मला वाटतं, त्याच्या घरातलं कुणी एकदा खिडकीतून बाहेर का बघत नाही.

आता कुणी म्हणेल, मित्रांमध्ये एवढं तेवढं चालायचंच. चालतं, कबूल. आपल्या मराठीत चिं. वि. जोशींनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी लिहून ठेवली आहे. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ती केली होती, आमच्या आईच्या वयाच्या बायकांना अजून आठवते. चिमणराव भिडस्त, भित्रा. गुंड्याभाऊ धिप्पाड, तापट, तोंडाने फटकळ. तो चिमणरावावर खेकसतो, पण अडचण आली की त्याच्याच बाजूला उभा राहतो. म्हणून त्याचं खेकसणं बोचत नाही. माझी परीक्षा एवढीच आहे: हा मित्र चारचौघांत आपल्या मुलाच्या बाजूला उभा राहतो का? राहत असेल तर खुशाल चिडवू दे. जियानसुद्धा मोठ्या सिनेमांमध्ये नोबितासाठी जीव धोक्यात घालतो. मुलांना म्हणूनच तो पूर्ण वाईट वाटत नाही. पण रोजच्या भागात?

भांडणात पडू नये, क्षमा करावी हे तर आपल्या घरांत बाळकडू आहे. दशलक्षणात पहिला दिवस उत्तम क्षमेचाच. पण क्षमा करायला आधी माझ्यावर अन्याय झालाय हे ओळखावं लागतं, आणि उलट उत्तर द्यायची ताकद असून ते न देण्याला क्षमा म्हणतात. भीतीने गप्प बसणाऱ्या मुलाने कुणाला क्षमा केलेली नसते, तो नुसता घाबरलेला असतो. हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाने सोडायची ती संकल्पी, जाणूनबुजून केलेली. स्वतःचं आणि आपल्या माणसांचं रक्षण करताना जी घडते ती विरोधी, आणि ती गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्रानेच मानलंय. मग सहावीतल्या पोराकडून मुनिव्रताची अपेक्षा आपण का धरतो?

याचा अर्थ मुलाला कराटेला घालून मारामारीला पाठवा असं मी म्हणत नाही. पुन्हा नोबिताकडेच जाऊ. १९७४ मध्ये आलेल्या एका गोष्टीत डोरेमॉनला भविष्यात परत जायचं असतं, आणि नोबिता एकटा कसा निभावेल या काळजीने त्याचा पाय निघत नाही. त्या रात्री नोबिताला झोपेत चालणारा जियान भेटतो. आपल्याला अशा अवस्थेत पाहिलं म्हणून जियान चिडतो आणि मारायला लागतो. नोबिता डोरेमॉनला हाक मारत नाही. मार खातो, पडतो, उठतो, पुन्हा जियानला जाऊन धरतो. सोडतच नाही. शेवटी जियानच कंटाळून हार मानतो आणि निघून जातो. २०१४ च्या 'स्टँड बाय मी डोरेमॉन' सिनेमात हा प्रसंग आहे, मुलांबरोबर बसून जरूर बघा. त्यात नोबिताकडे यंत्र नाही, आणि त्याच्या ठोशात दमही नाही. तो फक्त जागचा हलत नाही.

बहिणीशी फोनवर पुष्कळ बोलणं झालं. वर्गशिक्षिकेला भेटायचं की नाही यावर दोघींचं एकमत झालं नाही. मी म्हणत होते लगेच जा, तिला वाटत होतं की आई शाळेत आली म्हणून त्याला आणखी चिडवतील. आईची ही भीती खोटी नाही. शेवटी तिने एक छोटी गोष्ट निवडली, सायकल. त्याला सांगितलं, "सगळं एकदम नको. फक्त सायकल द्यायची नाही. का विचारलं तर कारण सांगायचं नाही. नाही म्हणजे नाही." आणि सासूबाईंनाही तिने सांगितलं, गरीब गाय हा शब्द त्याच्यासमोर नको. मला विचाराल तर दुसरं काम जास्त अवघड होतं.

पहिल्या दिवशी त्याला जमलं नाही, सायकल दिलीच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी "नाही" म्हणाला आणि घरी येऊन बाथरूममध्ये रडला. आता सायकलची किल्ली त्याच्या खिशात असते. दोन मुलं त्याच्याशी बोलत नाहीत, याचं त्याला अजून वाईट वाटतं. खालच्या मजल्यावरचा एक शांत मुलगा मात्र हल्ली शनिवारी येतो. दोघं आळीपाळीने सायकल चालवतात, आणि सासूबाई दोघांना दोन वाट्यांत वेगवेगळं भडंग देतात.