गुलाबापासून जुलाबापर्यंत

घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी इंदूरला आपली दोन राज्यं. बरेचसे शब्द दोन्हीकडे चालतात, म्हणून आपण बेफिकीर असतो. पण काही शब्द दिसायला तेच असून उंबरठा ओलांडला की अर्थ बदलतात. त्यातला सगळ्यांत धोक्याचा शब्द, माझ्या मते, 'जुलाब'.

मराठीत जुलाब म्हणजे पोट बिघडून पुन्हा पुन्हा पातळ शौचाला होणं. हिंदीत त्याला दस्त म्हणतात. हिंदीतला जुलाब म्हणजे पोट साफ करायचं औषध, रेचक. पुण्याहून आलेले आमचे एक पाहुणे सराफ्यात रात्री जरा जास्तच खाऊन बसले. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन म्हणाले, "भैया, जुलाब की गोली दो." त्या बिचाऱ्याने मागितलं तेच दिलं! पाकिटावरचं नाव मावशीने वाचलं म्हणून निभावलं. जुलाब होत असताना वर रेचक घेतलं, तर शरीरातलं पाणी आणि क्षार आणखी झपाट्याने जातात. लहान मुलाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत हा विनोद राहत नाही.

मग चूक कुणाची, मराठीची की हिंदीची? कुणाचीच नाही. मूळ शब्द फारसी, 'गुलाब'. गुल म्हणजे फूल, विशेषतः गुलाबाचं, आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब हे मुळात फुलाचं नाव नव्हेच, ते गुलाबपाण्याचं. (आपण 'गुलाबपाणी' म्हणताना पाणी दोनदा घालतो.) अरबीत 'ग' नाही, म्हणून तिथे तो 'जुलाब' झाला. फारसी 'गोहर'चं अरबीत 'जौहर' झालं आणि त्यातूनच आपले जवाहीर आले, तसंच हे. अरबी वैद्यकात जुलाब म्हणजे गुलाबपाणी आणि साखरेचं सरबत. कडू औषध गळी उतरवायला ते उपयोगी पडे. हाच शब्द युरोपात गेला आणि इंग्रजीत 'ज्यूलेप' झाला. अमेरिकेत पुदिना घातलेल्या एका मद्याचं ते नाव आहे. आपल्याकडे मात्र सरबताचं नाव पोट साफ करणाऱ्या औषधाला चिकटलं. हिंदी तिथेच थांबली. मराठी एक पाऊल पुढे गेली आणि औषधाने जे होतं, त्यालाही जुलाब म्हणू लागली, मग ते औषधाने होवो की शिळ्या कचोरीने.

जुना अर्थ मराठीतून गेलेला नाही बरं का. क्रियापदाकडे लक्ष द्या. जुलाब 'होतात', 'लागतात' तेव्हा तो आजार. जुलाब 'घेतला', 'दिला' म्हटलं की ते औषध. सुट्टीच्या दिवशी एरंडेल पाजून मुलांना जुलाब देणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगायला नको. संस्कृताने हा घोळ होऊच दिला नाही: आजार तो अतिसार, मुद्दाम पोट साफ करणं ते विरेचन. आणि आपला अस्सल 'हगवण' हा शब्द तर कुठेच फसवत नाही, पण चारचौघांत तो उच्चारायची आपल्याला लाज वाटते. म्हणून आता 'लूज मोशन'.

बडोद्याच्या मंडळींनाही हाच इशारा: गुजरातीत आजाराला झाडा म्हणतात, जुलाब म्हणजे तिथेही रेचकच. हैदराबादेत उर्दूमुळे तीच गत. बेळगावात कन्नड दुकानदाराला 'भेदी' म्हणून सांगा. आणि दुकान बंद असेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. थोडं थोडं पाजत राहा. शौचातून रक्त पडत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर तडक डॉक्टरकडे.